‘पाहिले’चा शिक्का

सोमवार, ४ मे

आजपासून रोजनिशी. साहेबांनीच सुचवलं. म्हणाले, मनात साठवून ठेवू नका, कुठेतरी लिहून काढत जा, म्हणजे मीटिंगमध्ये सगळ्यांचा वेळ वाचेल. माणूस दूरदृष्टीचा आहे.

संकल्प: रोज लिहायचं. थोडक्यात लिहायचं. ऑफिसबद्दल लिहायचं नाही.

आज ऑफिसमध्ये केटलचं पुस्तक आलं. आमची कंपनी घरगुती यंत्रांची माहितीपुस्तकं बनवते. वॉशिंग मशीन, मिक्सर, इस्त्री, केटल. खोक्यात यंत्राच्या वर जे पुस्तक ठेवलेलं असतं आणि जे कोणीही उघडत नाही (हे बायकोचं मत), ते. त्यातले इशारे माझ्याकडे असतात. ‘ओल्या हाताने प्लगला हात लावू नये’ हे वाक्य माझं आहे. माझ्या आधी तिथे ‘हात ओले असताना प्लग हाताळणे शक्यतो टाळावे’ असं होतं. शक्यतो म्हटलं की लोक खुशाल लावतात.

शिवाय प्रत्येक पुस्तकावर शेवटची नजर माझी. सगळे घरी गेले की मी पान अन् पान तपासतो आणि मागच्या कव्हरवर ‘पाहिले’ असा शिक्का मारतो. तो शिक्का दिसल्याशिवाय छापखान्यात मशीन सुरू होत नाही. एकोणीस वर्षं झाली. शिक्क्याची लाकडी मूठ माझ्या अंगठ्यापुरती झिजली आहे.

घरी पोचलो तर जेवणं झालेली. माझं ताट झाकून ठेवलेलं होतं. व्यवस्थित चाललंय सगळं.

बुधवार, ६ मे

मोठी बातमी. हेड ऑफिसने एक पाहणीवाल्या बाई पाठवल्या आहेत. कंपनीच्या शाखा बऱ्याच देशांत आहेत, त्या सगळीकडे फिरून आल्या. विषय: कामाचं व्यसन, ते वेगवेगळ्या समाजांत कशामुळे लागतं. व्यसन हा शब्द इथे अर्थातच चांगल्या अर्थाने आहे, वाचनाचं व्यसन म्हणतो तसा.

त्या म्हणाल्या, प्रत्येक शाखेतून एकेका माणसाशी सविस्तर बोलायचंय. साहेबांनी क्षणाचाही विचार न करता माझं नाव घेतलं. असिस्टंटनेही माझंच नाव घेतलं. रिसेप्शनवरची मुलगी तर फोनवर बोलत होती, तिने बोलता बोलता माझ्याकडे बोट दाखवलं. डोळे भरून आले. एवढ्या लोकांचं एकमत या ऑफिसात चहाच्या वेळेबाबतसुद्धा झालेलं नाही.

विभागप्रमुखाची जागा जूनपासून रिकामी होतेय. दोन आणि दोन किती, ते मी इथे लिहीत बसत नाही.

शुक्रवार, ८ मे

पहिली मुलाखत. बाईंनी विचारलं, जेवताना कामाचे विचार येतात का. मी म्हटलं, येतात कसले, जातच नाहीत. सुट्टीच्या दिवशी? म्हटलं, सुट्टीत तर जास्त, कारण मधे काम येत नाही. त्या भराभर लिहून घेत होत्या. पेपर सोपा होता.

मग त्यांनी सांगितलं की एका देशात एक गृहस्थ बायको बाळंतीण होत असताना ऑफिसला ईमेल पाठवत बसले होते. मी मागे हटणार होतो थोडाच. म्हटलं, माझ्या लेकीच्या जन्माच्या वेळी मी बाहेरच्या बाकावर व्हॅक्यूम क्लीनरचं प्रूफ तपासत होतो आणि त्यात तीन चुका काढल्या. लेक किती वजनाची होती, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, ते बायकोला माहीत असेल. ते त्यांनी लिहून घेतलं की नाही, दिसलं नाही.

इतर देशांबद्दल बरंच बोलल्या. एका शाखेत साहेब उठल्याशिवाय कोणी उठत नाही, मग लोक कोट खुर्चीवर टांगून मागच्या दाराने पसार होतात. दुसरीकडे ‘मी फार बिझी आहे’ हे माणसं स्वतःचं घर बांधल्याच्या थाटात सांगतात. आणखी एका ठिकाणी बाहेरून येऊन वसलेले लोक मान मोडून राबतात, आपल्याला कोणी परत पाठवेल या धास्तीने. कारणं निरनिराळी, पण सगळ्यांच्या तोंडी वाक्य एकच: माझ्याशिवाय इथलं पान हलणार नाही.

त्या लोकांची कीव आली. त्यांच्या बाबतीत ते खरं नसणार.

मंगळवार, १२ मे

दुसरी मुलाखत. आजचे प्रश्न जरा भरकटलेले वाटले. घरी लवकर जायची भीती वाटते का, म्हणे. म्हटलं, बाई, घर आहे ते, वाघाची गुहा नाही.

मग लहानपणाबद्दल विचारलं. कशाला विचारलं कोण जाणे. मी एवढंच सांगितलं की मी नऊ वर्षांचा असताना अण्णा, म्हणजे माझे वडील, कामाला होते तो कारखाना बंद पडला आणि ते आठ महिने घरी होते. मला आठवतात त्यांचे जोडे. सगळ्यांच्या वडलांचे जोडे सकाळी दारातून गायब व्हायचे, आमच्या दाराशी दिवसभर तसेच. शेजारच्या काकू यायच्या, आधी जोड्यांकडे बघायच्या आणि मग आईला हळू आवाजात विचारायच्या, काही जमलं का. तेव्हाच ठरवलं, आपले जोडे दिवसाढवळ्या दाराशी दिसता कामा नयेत.

हे मी आजवर कोणाला सांगितलं नव्हतं. बाईंनी पेन खाली ठेवलं. मार्क कापले असतील का, अशी शंका आली.

अण्णा आता आमच्याकडेच असतात. दिवसभर घरी असतात आणि त्यांना त्याचं काही वाटत नाही. वय झालंय.

गुरुवार, १४ मे

केसाने गळा कापला.

साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. मला वाटलं, प्रमुखपदाचं. तर म्हणाले, शनिवारपासून आठ दिवस सुट्टीवर जा. मी मागितलेली नसताना. म्हटलं, साहेब, केटल अडकलंय. म्हणाले, केटलचं बघू आम्ही. म्हटलं, सुट्टी कोणी मागितली. तर म्हणाले, घरून फोन आला होता.

घरून म्हणजे बायको. माझ्या पाठीमागे, माझ्या साहेबांना. समुद्रकाठी एक घर भाड्याने घेतलंय, पैसे भरलेत, अण्णांनी नवी टोपीसुद्धा आणली आहे, आणि हे सगळं घरात मी सोडून सर्वांना माहीत होतं. लेक म्हणाली, तुला तीनदा सांगितलं, तू तीनदा हो म्हणालास. मी हो म्हणतो तेव्हा ऐकत नसतो, हे इतक्या वर्षांत कळायला नको?

बायकोशी भांडायच्या पूर्ण तयारीत होतो. ती मात्र शांत. म्हणाली, गेल्या वेळी तू दुसऱ्या दिवशी परत पळालास, त्याच्या आधीच्या वेळी आलासच नाहीस. या वेळी मधूनच पळालास तर मी भांडणार नाही. पुढच्या वेळी विचारणारही नाही.

धमकी म्हणून जरा मिळमिळीत वाटली. पण तिने माझ्याकडे न बघता सांगितलं होतं, भाजी चिरता चिरता.

संकल्प: पूर्ण आठ दिवस राहायचं. ऑफिसचा विचार नाही. फोन बॅगेत तळाशी.

शुक्रवार, १५ मे

निघताना शिक्का बरोबर घेतला. राखाडी पायमोज्यात गुंडाळला, तो मोजा दुसऱ्या मोज्यात घातला.

यात कपट वगैरे काही नाही. माझ्या गैरहजेरीत दुसऱ्या कोणी तो मारला तर जबाबदारी कोणाची? आणि समजा आठ दिवसांत ऑफिसचं घोडं अडलं, छापखाना बंद पडला, फोनवर फोन आले, तर घरच्यांनाही दोन गोष्टी कळतील. माझा अंदाज सोमवार दुपार. फार तर मंगळवार.

असिस्टंट म्हणाला, सर, अगदी निवांत राहा. त्याचा चेहरा बघवत नव्हता. बिचारा.

शनिवार, १६ मे

पोचलो. घर बरं आहे. दोन खोल्या, पुढे ओटा, ओट्यावरून समुद्र दिसतो. गीझरवर इशाऱ्याचं स्टिकर उलटं लावलंय, ते काढून सुलटं लावलं. बायको दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, झालं सुरू. मी म्हटलं, कोणाचा जीव गेला तर?

संध्याकाळी तिघं ओट्यावर पत्ते घेऊन बसले. बायको, लेक, अण्णा. लेकीने विचारलं, येतोस का. म्हटलं, दोन मिनिटांत आलो, आणि फोनला रेंज कुठे येते ते बघायला गेलो. गच्चीच्या जिन्यावर तिसऱ्या पायरीवर येते. परत आलो तर पत्ते आवरून झाले होते.

एक खटकलं. हे तिघं पत्ते फार सराईत खेळतात. अण्णा नुसतं ‘परवाचा गुलाम’ म्हणाले की तिघं पोट धरून हसतात. कुठला परवा, कसला गुलाम, मला कोणी सांगायला तयार नाही. विचारलं तर लेक म्हणाली, बाबा, ते सांगण्यासारखं नाहीये, तिथे असावं लागतं. घरातल्या घरात हे गटाचं राजकारण बरं नव्हे.

रविवार, १७ मे

पाण्यात गेलो नाही. सर्दी होण्याची शक्यता.

दुपारी टॉवेलात गुंडाळून आणलेलं केटलचं प्रूफ बाथरूममध्ये बसून वाचलं. नळ सोडून ठेवला म्हणजे पानांचा आवाज बाहेर जात नाही. पान सातवर घोडचूक: ‘केटल पाण्यात बुडवावी.’ नकारच गळलाय. अंगावर काटा आला. हे असंच छापलं गेलं तर घराघरांत काय होईल. देवाची कृपा की शिक्का माझ्या मोज्यात आहे.

बायकोने दारावर थाप मारून विचारलं, पोट बिघडलंय का. हो म्हटलं. त्यामुळे संध्याकाळी मला नुसता पेजेसारखा मऊ भात मिळाला आणि बाकीच्यांनी मासे खाल्ले.

सोमवार, १८ मे

अजून फोन नाही. सोमवारी लोक जरा सुस्तच असतात.

जिन्यावर तिसऱ्या पायरीवर बसून होतो. बायको कपडे वाळत घालायला गच्चीवर चालली होती, तर मी सरकून वाट दिली. तिने काही विचारलं नाही. येताना पुन्हा सरकलो. खरं तर तिने काहीतरी विचारायला हवं होतं. उत्तर तयार होतं माझ्याकडे.

मंगळवार, १९ मे

सकाळी अकराला फोन वाजला. असिस्टंट. उचलण्याआधी मुद्दाम चार रिंग जाऊ दिल्या आणि बायकोला दिसेल अशा बेताने ओट्यावर आलो. मोठ्या आवाजात म्हटलं, बोल, काय अडलं. तर म्हणाला, सर, एसीचा रिमोट तुमच्या ड्रॉवरमध्ये आहे का.

आहे. मीच ठेवतो. लोक तापमान वाटेल तसं बदलतात.

बाकी काही? म्हटलं. नाही सर, म्हणाला, बाकी मस्त. केटलचं काय? म्हणाला, केटलचं झालं की सर. आणि फोन ठेवला. ‘झालं’ म्हणजे काय? शिक्क्याशिवाय कसं होईल? नक्कीच काहीतरी लपवताहेत. मला त्रास नको म्हणून संकट दडवून ठेवलंय.

दुपारी अण्णांनी वाळूत ओढत नेलं. नवी टोपी, हाफ पँट, वय वर्षं अठ्ठ्याहत्तर. पाण्यात पाय सोडून बसले आणि आपणहून बोलायला लागले. म्हणाले, आठवतं का रे, कारखाना बंद पडला होता तेव्हा मी तुला रोज सकाळी तळ्यावर न्यायचो. माझ्या पाठीवर बसून पोहायचास, गळा आवळून धरायचास, मी ओरडायचो सोड, तू सोडायचा नाहीस.

मला आठवत नव्हतं. मग एकदम आठवलं, त्यांच्या मानेवरच्या ओल्या केसांचा वास आणि कानात गेलेलं पाणी.

मी म्हटलं, अण्णा, ते दिवस तुम्हाला फार जड गेले असतील. तर म्हणाले, छे रे, पैशाची ओढाताण होती, पण ते आठ महिने माझे सगळ्यात चांगले गेले. पुन्हा नोकरीला लागलो आणि तू कधी मोठा झालास, कळलंच नाही.

मी तिथून उठून आलो. जी गोष्ट या माणसाच्या वाट्याला आली तशी आपल्या वाट्याला येऊ नये म्हणून मी जन्मभर ऑफिसात रात्री आठपर्यंत बसलो, आणि यांना ती गोष्ट आवडली होती. एवढी वर्षं एका शब्दाने बोलले नाहीत. बाप झाला म्हणून काय झालं, ही फसवणूकच आहे. पाहणीवाल्या बाईंना दिलेलं उत्तरही आता चुकीचं ठरणार.

बुधवार, २० मे

केटलवाचून दुसरं काही सुचत नाही. पान सात. ‘पाण्यात बुडवावी.’

ठरलं. उद्या सकाळच्या बसने जायचं, गोंधळ निस्तरायचा, परवा परत. बायकोला सांगितलं, दाढ ठणकतेय, आपल्याच डेंटिस्टकडे जाऊन येतो. तिने माझ्या गालाकडे बघितलं. बरं, म्हणाली. एवढंच. मग आत जाऊन माझ्या वाटणीच्या बोटीच्या तिकिटाचं काय करायचं ते लेकीला विचारायला लागली. उद्या बोटीने जायचं होतं म्हणे. बहुतेक त्यालाही मी हो म्हटलेलं असणार.

भांडली असती तर बरं झालं असतं. भांडण मला जमतं.

गुरुवार, २१ मे. ऑफिसच्या खालच्या बागेत, बाकावर

नीट क्रमाने लिहितो.

ऑफिसात शिरलो. मला वाटलं होतं, धावाधाव असेल. सगळे आपापल्या जागी काम करत होते. एसी छान चालू होता. असिस्टंटच्या टेबलावर केटलचं पुस्तक. छापलेलं. शाईचा वास येत होता. आधी पान सात उघडलं: ‘केटल पाण्यात बुडवू नये.’ बरोबर होतं. मागचं कव्हर बघितलं. कोरं.

तिथल्या तिथे छापखान्याला फोन लावला. म्हटलं, माझ्या शिक्क्याशिवाय मशीन सुरू केलंच कसं. मालक मग म्हणाला, अहो, दोन वर्षं झाली, सगळं कॉम्प्युटरवरून येतं, दुपारी चारला फाइल येते, लगेच मशीन लागतं. म्हटलं, आणि माझी शिक्का मारलेली पानं? ती येतात की, म्हणाला, दुसऱ्या दिवशी सकाळी पाकिटातून. कागद चांगला जाड असतो. पोरं जेवताना डब्याखाली अंथरतात.

असिस्टंट खाली मान घालून उभा होता. त्याला विचारलं, मग मी रोज संध्याकाळी काय तपासत होतो? म्हणाला, छापायला गेलेलंच सर. मुद्दाम जुनं प्रूफ प्रिंट काढून ठेवायचो, चुका दुरुस्त व्हायच्या आधीचं. नाहीतर तुम्हाला काही सापडलं नसतं.

त्याला वाटलं, हे ऐकून मला बरं वाटेल.

साहेबांच्या केबिनमध्ये घुसलो. म्हटलं, एकोणीस वर्षं घाम गाळला, आणि माझ्या पाठीत हे? साहेब उठले, मला बसवलं, पाणी दिलं. म्हणाले, रागावू नका, नवी पद्धत आली तेव्हा तुम्हाला सांगणार होतो, पण तुम्ही सहाला कधी उठायचाच नाहीत. आम्हाला वाटलं, तुम्हाला घरी जायचं नसतं. मग काहीतरी करायला असू दे म्हणून ठेवत गेलो.

मला घरी जायचं नसतं. असं सगळं ऑफिस दोन वर्षं समजत होतं. आणि दया करत होतं.

विभागप्रमुख असिस्टंट होतोय. ते साहेबांनी दाराशी येऊन सांगितलं, पाठीवर हात ठेवून.

पाहणीवाल्या बाई माझ्याच टेबलावर लॅपटॉप घेऊन बसल्या होत्या. त्यांना विचारलं, तुम्हाला माहीत होतं? म्हणाल्या, इथलं नक्की माहीत नव्हतं, पण अंदाज होता. सगळीकडे असंच असतं. एका शाखेत एका माणसाला रोज संध्याकाळी दार लावायला ठेवलंय, ते दार दोन वर्षांपासून आपोआप बंद होतं. दुसरीकडे एक बाई सगळ्यांच्या हजेरीची बेरीज करतात, ती मशीनने आधीच केलेली असते. भाषा वेगळी, पगार वेगळा, पण आजूबाजूचे लोक गुपचूप थोडं काम बाजूला काढून ठेवतात.

मी म्हटलं, म्हणजे प्रत्येक शाखेतून एक निवडला तो यासाठी? त्या हो म्हणाल्या. चांगल्या बाई आहेत, खोटं बोलल्या नाहीत. दोन वर्षांत तेवढ्या एकट्याच.

शिक्का मोज्यासकट ड्रॉवरमध्ये टाकला. एसीचा रिमोट काढून बाहेर टेबलावर ठेवला.

आता हा बाक. दुपारची वेळ आहे आणि मी बागेत बसलोय. समोरून जाणारी माणसं माझ्या जोड्यांकडे बघताहेत असं वाटतं.

संकल्प: संध्याकाळच्या बसने परत. बायकोला सगळं सांगायचं. एवढा मोठा विश्वासघात झाल्यावर ती नक्की जवळ घेईल. लेकही बिलगेल. कदाचित यातून कुटुंब एकत्र येईल.

शुक्रवार, २२ मे

काल पोचलो तर घराला कुलूप. ते बोटीवरून यायचे होते. ओट्यावर बसून राहिलो. तिघं आले, उन्हाने लाल झालेले, हसत हसत. मला बघून हसणं थांबलं. वाईट वाटून नव्हे, ओट्यावर अचानक कोणी बसलेलं दिसल्यावर थांबतं तसं. बायको म्हणाली, अरे, तू? दाढेचं झालं? स्वयंपाक तिघांपुरता होता. तिने ताटातलं थोडं थोडं काढून माझं ताट केलं.

आज सकाळी तिला वाळूत घेऊन गेलो आणि सांगितलं. शिक्का, छापखाना, डब्याखाली अंथरलेली पानं, असिस्टंट, सगळं. म्हटलं, दोन वर्षं मला सगळ्यांनी फसवलं.

ती समुद्राकडे बघत होती. मी थोडा जवळ सरकून बसलो, म्हणजे तिला हात टाकायला सोपं जावं. मग ती म्हणाली, म्हणजे दोन वर्षं तू सहाला घरी येऊ शकला असतास.

मी म्हटलं, अगं, मला माहीत कुठे होतं. ती म्हणाली, आम्हाला तरी कुठे माहीत होतं? आम्हाला वाटायचं, तिकडे तुझ्यावाचून अडतंय, म्हणून आम्ही अडवलं नाही. निदान तिथे तुझी गरज तरी आहे, अशी समजूत होती.

आणि रडायला लागली. तिला रडताना मी बऱ्याच वर्षांत बघितलं नव्हतं. किंवा ती रडत असेल, आठच्या आत.

मला वाटलं होतं, फसवला गेलेला माणूस मी आहे. तिच्या तोंडाकडे बघून कळेना, नक्की कोण. मी हात टाकला. तिने काढला नाही, पण टेकलीही नाही. थोड्या वेळाने उठली आणि म्हणाली, अण्णांच्या गोळ्यांची वेळ झाली.

शनिवार, २३ मे

उद्या परत निघायचं.

सकाळी तिघं पोहायला निघाले. मी म्हटलं, मी येत नाही, पण मला काहीतरी काम देऊन जा. लेकीने आईकडे बघितलं. मग म्हणाली, बाबा, काल ओट्यावर वारा होता, पत्ते उडाले होते, पानं नीट आहेत का तेवढं बघून ठेव. जाताना गालावर हात ठेवून गेली. दाढ दुखतेय, हे तिला अजून खरं वाटत असावं.

बरं वाटलं. शेवटी हे माझंच क्षेत्र. चटई झटकून घेतली, रंगाप्रमाणे ओळी लावल्या, आणि पानं मोजली. एक्कावन्न. पुन्हा मोजली. एक्कावन्न. किलवरची दुर्री नाही.

मग सगळं पालथं घातलं. गाद्या, उशा, ओट्याखालची वाळू. शेजारच्यांच्या कुंड्या बघितल्या. घामाघूम झालो, पण खरं सांगायचं तर कितीतरी दिवसांनी हुशारी वाटली. माझ्या नजरेतून काही सुटत नाही. ऑफिसात कोणी दोन वर्षं काहीही समजो.

ते आले तेव्हा मी दारातच सांगितलं, एक पान कमी आहे, तुम्ही खोट असलेल्या पत्त्यांनी खेळताय, बरं झालं मी बघितलं.

तिघांनी एकमेकांकडे बघितलं. परवाच्या गुलामावर हसतात तसं आता हसतील, असं वाटलं. कोणी हसलं नाही. बायको टॉवेल वाळत घालायला गच्चीवर गेली. लेक केस पुसत राहिली.

अण्णाच म्हणाले, अरे, कमी नाहीये. बावन्न पानं तिघांत सारखी बसत नाहीत, एक उरतं. म्हणून आम्ही ती दुर्री पहिल्यापासून बाजूला काढतो. गेली चार-पाच वर्षं.

मी म्हटलं, मग आता ती कुठे आहे?

पत्त्यांच्या डब्यातच आहे की, म्हणाले. टाकलेली नाही.

लेकीला विचारलं, चौघांचा डाव कसा असतो. ती म्हणाली, आम्हाला तिघांचाच येतो, बाबा.

ती पाय धुवायला गेल्यावर डबा उघडला. दुर्री तळाशी होती. बाकीच्या पानांचे कोपरे हाताळून हाताळून मऊ पडलेत, काहींवर तेलाचे डाग आहेत. ही अजून करकरीत आहे. बघितली आणि परत डब्यात ठेवली.